सत्ताविसावा गडी

मालक दुपारी दुकानात येऊन बसणार होते आणि मग काय ते ठरवणार होते. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळपासून जावयाच्या पिचरने समोरच्या टीमचा एकही गडी बेसवर पोहोचू दिला नव्हता.

मालक म्हणजे जावयाचे सासरे. दुकान केस कापायचं. जावई इथे आधी शिकाऊ म्हणून आला, मग कारागीर झाला, मग मालकांच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि त्या दिवसापासून त्याचं स्वतःचं नाव जे बंद पडलं ते पडलंच. गिऱ्हाइकं त्याला जावई म्हणायची, दूधवाला जावई म्हणायचा, आणि एकदा तर दातांच्या दवाखान्यातल्या नर्सने बाहेर येऊन "जावई, आत या" अशी हाक मारली होती. आता मालकांचे गुडघे कुरकुरायला लागले होते, हात थरथरायला लागला होता, पण दुकानाच्या किल्ल्या काही त्यांच्या कमरेवरून हलत नव्हत्या. "देतो हो, देतो, पळून चाललोय का मी?" असं बरीच वर्षं चाललं होतं. शेवटी काल जेवताना त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या दुपारी येतो. बाकावर बसतो. एक अक्षर बोलणार नाही. तुम्ही काम करा, मी बघतो. पटलं तर किल्ल्या तिथेच ठेवून घरी जाईन. पण जावई, लक्ष खुर्चीत पाहिजे. त्या डबड्यात दिसलं, तर मग विषय संपला."

डबडं म्हणजे बाकाशेजारच्या कपाटावरचा टीव्ही आणि त्याला जोडलेलं गेमचं मशीन. मशीन जावयाने वापरलेलं घेतलं होतं, क्रिकेट खेळायच्या इराद्याने. पण आधीच्या माणसाने त्यात बेसबॉलची डिस्क घातली होती आणि ती आत अशी काही अडकून बसली होती की चिमटा झाला, कंगव्याचं टोक झालं, शेवटी मशीन उलटं धरून पाठीवर थापट्यासुद्धा मारून झाल्या, ती बाहेर यायला तयार नाही. मग काय करता? जावई बेसबॉल शिकला. बॅटरने चौकटीतला बॉल सोडला किंवा त्याची बॅट हुकली की ती एक चूक, अशा तीन चुका झाल्या की तो आउट. उलट पिचरनेच, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानेच, चार बॉल चौकटीबाहेर टाकले की बॅटर आयता चालत बेसवर, म्हणजे पळायच्या पहिल्या टप्प्यावर. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सत्तावीसच्या सत्तावीस गडी आउट केले, एकालाही बेसवर पाय ठेवू दिला नाही, तर तो परफेक्ट गेम. जावयाला तो आजवर कधी जमला नव्हता. आज चोवीस झाले होते.

खरं तर खेळण्यापेक्षा त्याला खेळाडू बनवण्यातच जास्त गोडी लागली होती. गेममध्ये कोरा माणूस मिळायचा. त्याला नाक द्या, हनुवटी द्या, पोट द्या, मग ताकद किती, वेग किती ते भरा. आता जो माणूस दिवसभर लोकांची डोकीच बघतो तो दुसरं काय बनवणार? समोरची अख्खी टीम त्याने गिऱ्हाइकांची बनवली होती. आणि आपला पिचर बनवला होता मालकांचा. का, तर मालक तरुणपणी टवाळक्या करणाऱ्या शिकाऊ पोरांना ओला टॉवेल फेकून मारायचे आणि दुकानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा नेम कधी म्हणून चुकला नव्हता. जावयाने त्या टॉवेलचा मार स्वतः खाल्ला होता. म्हणून पिचरला त्याने वेग बेताचा दिला, पण नेम ठेवला पूर्ण शंभर. वर पांढरी मिशी आणि रागीट डोळे.

तर चोवीस गडी झाले, शेवटचे तीन राहिले, आणि दारातून पोस्टमन आत आला.

जावयाने निमूटपणे गेम थांबवून ठेवला. आज खुर्ची महत्त्वाची, हे त्याला कळत होतं. पोस्टमनला बसवलं, पांढरं कापड गळ्याशी बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि उजव्या बाजूने सुरुवात केली. उजवी बाजू छान झाली. डावीकडे वळणार तेवढ्यात दाढी करायला हेडसर आले. चपला काढताना त्यांनी सहज टीव्हीकडे पाहिलं आणि एक चप्पल पायात तशीच राहिली.

पडद्यावर थांबलेल्या चित्रात पुढच्या बॅटरचा चेहरा भला मोठा दिसत होता. हेडसर या कानावरून त्या कानापर्यंत केसांची एकच बट टकलावरून नेतात. गेममध्ये तसला केसांचा प्रकार नव्हता, म्हणून जावयाने टकलावर घाम टिपायची पट्टी आडवी बसवून ती काळी रंगवली होती.

"जावई," हेडसर शांतपणे म्हणाले, "हा मी आहे."

"छे हो सर! कंपनीनेच दिलेला आहे तो."

"कंपनीला माझा चष्मा कसा माहीत?"

जावयाने कात्री हवेत दोनदा उगाच वाजवली. "तुमचा मान म्हणून केलाय सर. तुमची नजर बघा किती दिलीय, नव्वद!"

"आणि पळायचा वेग?"

"त्याचं जाऊ द्या."

"किती?"

"बारा."

हेडसर बाकावर बसले. "खेळा," म्हणाले. "बघू द्या माझं काय होतंय."

"सर, आज नको. मालक यायचेत."

"दाढी मी नंतर करीन. आधी माझा निकाल लावा." शाळेतल्या आवाजात ते बोलले की समोरच्याला आपोआप उभं राहावंसं वाटतं. जावई तर उभाच होता. त्याने पोस्टमनला "दोन मिनिटं हं" म्हटलं आणि बटणांचा कंट्रोलर हातात घेतला. पहिला बॉल आत, दुसरा बॉल आत, तिसऱ्यावर हेडसरांनी बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन जमिनीवर बसले. म्हणजे पडद्यावर. बाकावर ते ताठ बसून होते.

"ही बॅट मी चुकीच्या हाताने धरलीय," ते म्हणाले.

तेवढ्यात कल्ले सारखे करायला बेकरीवाला आला. टीव्हीवर पुढचा बॅटर येत होता. गोल चेहरा, गालावर चांगला मोठा तीळ. बेकरीवाला दारातच ओरडला, "अरे, हा तर मी! एक नंबर काढलाय की जावई! अगदी हुबेहूब!"

"ताकद बघा," हेडसर कडवटपणे म्हणाले. "पस्तीस आहे."

बेकरीवाल्याचं हसू विरघळलं. "पस्तीस? मैद्याची पोती कोण उचलतं आमच्याकडे? तुम्ही येता उचलायला?"

"आमची ताकद वाढवा, आमची वाढवा," खुर्चीतून पोस्टमनने आवाज दिला. "आमचं पण बघा काय केलंय ते. आम्ही आहोत ना ह्यात?"

जावई कंट्रोलरची बटणं पुसायला लागला, म्हणजे होते.

आणि मागच्या दाराने जावयाची बायको आत आली. ती धापा टाकत होती. "अहो, बाबा निघालेत! वाटेत चष्मा घट्ट करायला चष्मेवाल्याकडे शिरले म्हणून मी पुढे आले. आवरा पटकन." मग तिचं लक्ष टीव्हीकडे गेलं. आधी बॅटरकडे बघून ती म्हणाली, "ह्यांचा तीळ त्या गालावर नाही काही, ह्या गालावर आहे."

"हुबेहूब आहे वहिनी," बेकरीवाला म्हणाला. "मी रोज बघतो स्वतःला."

"कशात बघता?"

बेकरीवाल्याने गालाला हात लावला. मग आरशात बघितलं. मग टीव्हीत. मग परत गालाला हात लावला.

जावयाच्या डोक्यात प्रकाश पडला तो असा पडला की त्याला घाम फुटला. इतकी वर्षं तो ह्या सगळ्यांची तोंडं आरशातच बघत आला होता! मागे उभं राहायचं, डोक्यावर हात ठेवायचा आणि समोर आरशात बघत गप्पा मारायच्या. तीळ, भांग, तुटका दात, सगळं त्याने उलटं बसवलं होतं. एवढंच कशाला, आरशात सगळे जण वर्तमानपत्राचं पान डाव्या हाताने उलटताना दिसायचे, म्हणून त्याने नऊच्या नऊ गडी डावखुरे करून ठेवले होते.

"बघा!" हेडसर उसळले. "मी म्हटलं होतं, चुकीचा हात! माझा निकाल रद्द करा."

"मध्ये बदलता येत नाही सर. गेम संपवावा लागतो आधी."

"मग संपवा!"

"अहो, बाबा येतायत!" बायको म्हणाली आणि मग तिची नजर पिचरवर गेली. पिचर मिशी फेंदारून समोर बघत होता. ती जवळ गेली. "अहो."

"काय."

"हे बाबा आहेत."

"हळू बोल ना जरा."

"बाबांचं पोट एवढं आहे?"

"कमी केलंय मी," जावई म्हणाला.

तिने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होतेच. मग भानावर येऊन ती टीव्हीचं बटण बंद करायला गेली, तर बेकरीवाला प्लगसमोर आडवा. "वहिनी, बंद केलात तर सगळं पुसलं जाईल. माझी पाळी चालू आहे. पस्तीस तर पस्तीस, मी दाखवतो."

जावयाने विचार केला की ह्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा खेळून मोकळं व्हावं, ते लवकर होईल. बॉल टाकला. पडद्यावरच्या बेकरीवाल्याने तो असा काही टोलवला की खरा बेकरीवाला बाकावर चढून उभा राहिला. बॉल वर, अजून वर, थेट कुंपणाच्या दिशेने, आणि कुंपणाला पाठ टेकवून एका गड्याने तो झेलला. गडी क्रमांक सव्वीस आउट. बेकरीवाला हळूहळू खाली उतरला.

आता गंमत अशी की मघापर्यंत हेडसरांना वाटत होतं, जावयाचा गेम बुडावा. पण आपण गेल्यावर दुसरा वाचला तर ते त्यांना कसं चालेल? आणि बेकरीवाला गेल्यावर त्यालाही ते चालेना. दोघे एका सुरात म्हणाले, "पोस्टमनला सोडू नका!"

"का हो? मी तुमचं काय घोडं मारलंय?" पोस्टमन म्हणाला. अर्धे केस बारीक, अर्धे कानावर आलेले, असा तो गळ्याला कापड बांधून आरशातून टीव्ही बघत होता. "जावई, खरं सांगा, माझा वेग किती ठेवलाय?"

"वीस."

"वीस! सायकलवरून अख्खी वस्ती फिरतो मी!"

"मला वीजबिल मिळतं तेच भरायची तारीख गेल्यावर," बेकरीवाला म्हणाला.

"ते उशिराच येतं वरून!"

जावयाने टाकले बॉल. एक आत. एक बाहेर. एक आत. मग दोन लागोपाठ बाहेर, कारण हाताला घाम आला होता आणि हेडसर कानाशी "नीट, नीट" करत होते. आता असं झालं की पुढचा बॉल आत पडला तर पोस्टमन आउट आणि परफेक्ट गेम. बाहेर पडला तर पोस्टमन चालत चालत बेसवर आणि सकाळपासूनची सगळी मेहनत पाण्यात.

जावयाने तळहात पँटला पुसला. बायको काचेशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

"आले!"

जावयाने गेम थांबवला, कंट्रोलर बाकावर टाकला, कात्री उचलली. बायकोने दोरीवरचं एक पांढरं कापड ओढलं आणि टीव्हीवर टाकलं. बेकरीवाल्याने वर्तमानपत्र उघडलं, उलटं. हेडसर भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करायला लागले. सगळं कसं शांत, आणि त्या शांततेत कापडाखालून थांबवलेल्या गेमची बारीक पिपाणी वाजत होती.

मालक आत आले. नुकत्याच घट्ट केलेल्या चष्म्यातून त्यांनी सगळ्यांकडे एक एक करून पाहिलं, कापड घातलेल्या टीव्हीकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. बोलायचं नाही असं त्यांचं ठरलंच होतं. गुडघ्यांवर हात ठेवून, हुश्श करत, ते बाकावर बसले. नेमके कंट्रोलरवर.

पिपाणी थांबली. कापडाखालून हजारो माणसांचा गलका सुरू झाला.

जावयाचा हात पोस्टमनच्या कानापाशी थिजला. गेम सुरू झाला होता! मागे वळावं तर किल्ल्या गेल्या. न वळावं तर पिचर तिथे नुसता उभा. त्याने दात आवळले आणि पोस्टमनच्या कानावरची एक बट कापायला घेतली. मालकांना बाकावर काहीतरी टोचलं असावं. ते जरा डावीकडे सरकले. कापडाखालून 'सप्' असा आवाज आला.

बॉल गेला होता.

पोस्टमन आरशात डोळे फाडून पांढऱ्या कापडाकडे बघत होता, जावयाने त्याचं डोकं घट्ट धरलं होतं, "हलू नका" म्हणत होता आणि तीच बट परत परत कापत होता. आणि मग कापडाखाली जो काही दंगा उसळला! फटाके, ढोल, इंग्रजीत समालोचन करणारा माणूस गळा फाटेपर्यंत ओरडतोय. पण का ओरडतोय? आउट झाला म्हणून, की बेसवर गेला म्हणून? ते काही समजेना. बेकरीवाल्याने वर्तमानपत्राचा बोळा करून टाकला होता. शेवटी शाळेत एवढी वर्षं शिस्त शिकवलेले हेडसरच आधी फुटले. उठले आणि त्यांनी कापड खस्सकन ओढलं.

पडद्यावर आठ खेळाडू धावत आले होते आणि त्यांनी पांढऱ्या मिशीच्या पिचरला खांद्यावर उचललं होतं. त्याचं पोट हलत होतं. पोस्टमन बॅट खांद्याला तशीच लावून उभा होता, त्याने ती फिरवलीसुद्धा नव्हती.

मालक बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा कोण?"

हेडसरांनी कापडाची घडी घालायला घेतली. जावयाची पाठच होती त्यांच्याकडे. अखेर बायकोच म्हणाली, "बाबा, तुम्ही."

"मला उचललंय का त्यांनी?"

"हो. सगळे आउट झाले. सत्तावीसच्या सत्तावीस. शेवटचा तर तुम्हीच घालवलात."

"मी? कधी?"

"आत्ता," हेडसर म्हणाले. "बसल्या बसल्या."

मालकांनी खालून कंट्रोलर काढला, उलटसुलट करून बघितला आणि मांडीवर ठेवला. मग बराच वेळ ते पडद्यावरच्या स्वतःकडे बघत होते. कपड्याचा रंग चांगला आहे म्हणाले. भांग चुकीच्या बाजूला आहे म्हणाले. आणि मग खुर्चीकडे वळून असं बोलले की जावयाच्या हातातली कात्री पडता पडता राहिली.

"पोरी, तुझा नवरा बघितलास का? एवढा गोंधळ झाला दुकानात. हेडसर उठले, फटाके वाजले, पण पठ्ठ्याने मान वळवून बघितलं नाही. सगळं लक्ष खुर्चीत! हेच मला बघायचं होतं." त्यांनी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि पावडरच्या डब्याशेजारी ठेवल्या. पोस्टमनच्या डाव्या कानावर आता जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, तिकडे ते क्षणभर बघत राहिले. "नवीन फॅशन आहे का ही?"

"हो," जावई म्हणाला.

"मी विचारणारच होतो," पोस्टमन म्हणाला, आणि बिचारा उदार मनाने गप्प बसला. आउट झालेल्या माणसाला तशी फारशी भांडायची उभारी उरत नाही.

जावई मालक झाला. जुने मालक किल्ल्या ठेवून घरी मात्र गेले नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि आता तर जावयाने शटर वर करायच्या आधी ते पायरीवर येऊन बसलेले असतात. "खुर्ची तुमची, दुकान तुमचं, माझा काही संबंध नाही," म्हणतात आणि कंट्रोलर मागतात. जावयाला त्याच्याच मशीनला हात लावायला मिळत नाही. हेडसरांनी चष्मा सावरत त्यांना सगळी बटणं शिकवली. टीममधले तीळ, भांग आणि हात सगळे सरळ करून झाले. बेकरीवाल्याची ताकद पावाच्या ताज्या लादीच्या बदल्यात साठ झाली.

आणि काल मालकांनी नवा खेळाडू बनवायला घेतला. जावई एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस काढत होता. मागून हेडसर विचारत होते आणि मालक सांगत होते. "खांदे?" "पाडा जरा." "कान?" "मोठे करा. अजून. अजून." "ताकद?" "बेताची." "वेग?" "कुठला आलाय वेग!" जावयाला कळायला वेळ लागला नाही की हे कोणाचं चाललंय. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मग हेडसर म्हणाले, "हात किती देऊ? म्हणजे हातातली सफाई." आणि आरशात जावयाला मालक चष्मा काढून पुसताना दिसले.

"पूर्ण द्या," मालक म्हणाले.

जावयाने गिऱ्हाइकाची मान उगाचच परत एकदा ब्रशने झटकली.

"खेळवायचा कुठे ह्याला?"

"माझ्या समोर बसवा. तो वाकून बसतो ना, जाळी तोंडावर घेऊन, तिथे. मी टाकीन, हा झेलेल. आयुष्यभर तेच केलंय त्याने."

"कॅचर," हेडसर म्हणाले आणि घसा खाकरला. "पण एक आहे मालक. ह्या खेळात कॅचर बोटांनी खूण करतो, कुठला बॉल टाकायचा ते. आणि पिचरने ते ऐकायचं असतं."

"म्हणजे हा सांगणार आणि मी ऐकणार?"

"नियमच आहे तसा."

जावई मागे वळला. आता वळायला हरकत नव्हती, दुकान त्याचं होतं. मालक मिशी फेंदारून पडद्याकडे बघत होते, पडद्यावरचे मालकही मिशी फेंदारून समोर बघत होते आणि समोर मोठ्या कानांचा एक माणूस उकिडवा बसून एक बोट खाली करून वाट बघत होता.

"काय म्हणतोय तो?" मालकांनी विचारलं.

"सरळ टाका म्हणतोय, मामा," जावई म्हणाला.

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. मग ऐकल्यासारखी मान हलवली आणि बॉल बाहेरच्या बाजूने वळवून टाकला.